हप्त्यावरचं घोडं

नागपुरात कर्जाचा बोजा नसलेले घोडे चारच. झिरो माइलच्या खांबाशेजारी ते वर्षानुवर्षं उधळण्याच्या पवित्र्यात उभे आहेत. ते दाणा मागत नाहीत, त्यांच्या पोटात शूळ उठत नाही आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला तरी त्यांना पाणी दाखवावं लागत नाही. हाकेच्या अंतरावर विधानभवन, थोडं चाललं की संविधान चौकात रिझर्व्ह बँक. एका इमारतीत कर्जमाफीच्या घोषणा होतात, दुसऱ्या इमारतीतल्या माणसांना त्या ऐकून घाम फुटतो. हे चौघं दोन्हींच्या मधे निवांत आहेत. हिवाळी अधिवेशनात घोडेबाजाराच्या बातम्या येतात तेव्हासुद्धा त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही.

बाकी शहरात जो घोडा दिसेल त्याचं असं नाही. तो वरातीत नाचो, फुटाळ्याच्या काठावर पोरांना फिरवो, नाहीतर शहराबाहेरच्या एखाद्या फार्महाऊसवर डॉक्टरांच्या मुलींना दुडकी चाल शिकवो. पाठीवर स्वार कोणीही असला तरी खोगिराखाली कुणाचा तरी हप्ता असतो.

हे सगळं माझ्या लक्षात यायचं कारण म्हणजे माझा भाचा. त्यानं अभियांत्रिकीची पदवी घेतली, पुण्यात जाऊन दोन वर्षं संगणकासमोर बसला, आणि एका दिवाळीत घरी येऊन "मी घोड्याचा धंदा करून राह्यलो" असं जाहीर केलं. बहिणीनं हातातली चकली खाली ठेवली. आमच्याकडे मुलगा "मी आयएएसची तयारी करून राह्यलो" म्हणतो तेव्हाही घरात अशीच शांतता पसरते, पण त्या शांततेत थोडा अभिमान असतो.

"काहून बाप्पा?" एवढंच ती म्हणाली.

त्यानं लॅपटॉप उघडला. चाळीस पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट होता. पहिल्या पानावर डोंगर, सूर्यास्त आणि उधळलेला काळा घोडा. डोंगर आमच्याकडचा नव्हता, सूर्यास्त बहुधा अमेरिकेतला होता. उत्पन्नाच्या तक्त्यात लग्नाच्या वराती होत्या, रविवारी मुलांचे रायडिंग क्लास होते, प्री-वेडिंग फोटो होते, वाढदिवस होते, आणि शेवटच्या ओळीत "शेणखत विक्री" होती. खर्चाच्या तक्त्यात चारा, पगार आणि "इतर" अशा तीन ओळी होत्या. ज्या धंद्याच्या कागदात उत्पन्नाच्या ओळी खर्चाच्या ओळींपेक्षा जास्त असतात, त्या धंद्याला जामीन राहू नये, असं माझं मत आहे. पण मत विचारायला तो आलाच नव्हता.

"मामा, तुम्ही फक्त सही करा न. बाकी मी पाहून घेतो."

त्याचा सगळा भरवसा दोन गोष्टींवर होता. एक मुद्रा कर्ज, आणि दुसरी केंद्र सरकारची योजना. मला वाटलं हा थापा मारतो आहे, पण योजना खरी निघाली. २१ फेब्रुवारी २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं राष्ट्रीय पशुधन अभियानात बदल करून घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या उद्योगालाही जागा दिली. भांडवली खर्चाच्या निम्मं अनुदान, जास्तीत जास्त ५० लाख रुपये. शेळ्या-कोंबड्यांना ज्या रांगेत उभं राहता येत होतं, त्या रांगेत आता घोडाही उभा राहिला. पन्नास लाखांचा आकडा ऐकून घरातल्या मंडळींनी चकल्या परत उचलल्या.

घोडं कुठं पेंड खातं ते योजना नीट वाचल्यावर कळलं. सरकारला देशातल्या घोड्यांची संख्या आणि जाती टिकवायच्या आहेत. म्हणजे घोड्यांची पैदास. आमच्या भाच्याचा धंदा माणसांच्या लग्नावर चालायचा होता. सरकारला शिंगरू हवं, याला नवरदेव. बरं, शिंगराचं म्हणाल तर घोडी अकरा महिने गाभण असते, त्यानंतर शिंगरावर खोगीर चढवायला तीनेक वर्षं थांबावं लागतं. तेवढ्या वेळात माणूस पदवीधर होतो, बेकार होतो आणि पुन्हा लॅपटॉप उघडून बसतो. शिवाय अनुदान निम्मं. उरलेलं निम्मं तुमचं, नाहीतर बँकेचं.

म्हणून आम्ही बँकेत गेलो.

कर्ज विभागातले साहेब पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले होते. बोलणं शांत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांच्या पुढ्यात त्या दिवशी पिठाच्या गिरणीची एक फाईल होती, झेरॉक्सच्या दुकानाची एक, आणि ई-रिक्षांच्या बऱ्याच. घोड्याची फाईल त्यांनी दोनदा उलटी-सुलटी करून पाहिली.

"कोटेशन कुठंय?"

"कशाचं साहेब?"

"घोड्याचं. विकणाऱ्याकडून लेटरहेडवर आणा. जीएसटी नंबरसकट."

इथं साहेबांचाही दोष नाही. ई-रिक्षाचं कोटेशन मिळतं, गिरणीचं मिळतं. जनावरांच्या बाजारात मात्र भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो. समोरच्यानं किती बोटं दाबली हे शेजारी उभ्या दलालालाही कळू नये यासाठीच तो रुमाल असतो. त्या बोटांचा लेटरहेड कसा करायचा? आपल्याकडे घोड्यांचा मोठा बाजार भरतो तो नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी सारंगखेड्याला. दत्तजयंतीच्या सुमारास, एकमुखी दत्ताच्या यात्रेत. तिथं घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहून भाव चढतो किंवा पडतो. अमुक जागी भोवरा असला तर धनी राजा होतो, तमुक जागी असला तर धनी जातो. बँकेच्या मूल्यांकनाच्या छापील नमुन्यात भोवऱ्याला रकाना नाही. माझ्या मते असायला हवा. सिबिलच्या आकड्यावरून धनी बुडणार की तरणार हे ज्या खात्रीनं सांगतात, त्यापेक्षा भोवरा फार वेगळं काही सांगत असेल असं वाटत नाही.

पुढचा प्रश्न तारणाचा. गाडी घेतली की आरसी बुकावर बँकेचं नाव चढतं, मागच्या काचेवर स्टिकर लागतं. घोड्याला आरसी बुक नसतं. "मग हे आमच्याकडे गहाण आहे हे लोकांना कळणार कसं?" साहेबांनी मनापासून विचारलं. भाच्यानं झुलीवर बँकेचं नाव जरीत विणून घ्यायची तयारी दाखवली. नवरदेवाच्या पायाखाली बँकेचं नाव, ही कल्पना साहेबांना क्षणभर आवडली असावी. पण मग त्यांनी विचारलं, "आणि मेला तर?"

"विमा काढू न साहेब."

"विम्याला तो जिवंत आणि धडधाकट असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. दाखल्याला घोडा लागतो. घोड्याला कर्ज लागतं. आणि कर्जाला विमा लागतो." एवढं बोलून साहेबांनी चष्मा काढून पुसला.

हप्त्याचं गणित त्यांनी तिथंच कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं. दहा लाखांचं कर्ज, पाच वर्षांची मुदत, बारा टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता २२,२४४ रुपये. दिवसाला जवळपास साडेसातशे. "घोडा रोज किती खातो?" त्यांनी विचारलं. भाच्यानं गूगलवर पाहिलेलं सांगितलं, की चारशे किलोच्या घोड्याला आठ-दहा किलो चारा-दाणा लागतो. साहेब म्हणाले, "म्हणजे बघा, घोड्याच्या आधी आम्ही जेवणार." विनोद म्हणून म्हणाले असतील, पण पुढं सगळी बोलणी त्याच एका वाक्याभोवती फिरत राहिली.

बँकेतून निघून आम्ही आमच्या ओळखीच्या सीएकडे गेलो. तिथं घोड्याच्या नशिबाचे आणखी काही कागद उघडले. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा गाय-म्हैस करमुक्त राहिली. गाढव आणि खेचरही करमुक्त राहिले. जिवंत घोड्यावर मात्र १२ टक्के कर बसला. २०२५ च्या सप्टेंबरात तो ५ टक्क्यांवर आला, पण गाढवाशी बरोबरी काही घोड्याला साधली नाही. करदात्याला या देशात काय समजतात याचा याहून स्वच्छ दाखला मला ठाऊक नाही.

दुसरा कागद आयकराचा. गाडीवर, यंत्रावर दरवर्षी घसारा मिळतो. धंद्यातल्या जनावराचं तसं नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३६ मध्ये सोय अशी होती, की धंद्यात वापरलेलं जनावर मेलं किंवा कायमचं निकामी झालं, तर त्याच्या खरेदीच्या किमतीतून त्याचं जे काही आलं असेल ते वजा करून उरलेली रक्कम खर्च म्हणून दाखवता येते. म्हणजे घोडा जिवंत आहे तोवर आयकर खात्याच्या लेखी तो झिजत नाही. मरतो तेव्हा एकदम झिजतो. सीए हे सगळं अतिशय गंभीर चेहऱ्यानं सांगत होते. त्यांच्या टेबलावर काचेचा एक छोटा घोडा होता, त्यावर व्हिजिटिंग कार्डं खोचलेली होती.

भाच्याचा उत्साह मात्र ढिला पडेना. म्हणून मी त्याला गांधीबागेच्या मागच्या बाजूला एका जुन्या घोडीवाल्याकडे नेलं. तीन पिढ्यांचा धंदा. आधी टांगे होते, मग टांगे गेले, घोड्या राहिल्या. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते. आम्ही गेलो तेव्हा नालबंद आलेला होता, आणि एक पांढरी घोडी तीन पायांवर उभी राहून त्याच्याकडे संशयानं पाहत होती.

नालबंदानं तिचा मागचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. जुन्या नालेचे खिळे सरळ करून ती पक्कडीनं उपटली. मग रापीनं खुराची वाढलेली कड सोलली. नखासारख्या पांढुरक्या चकत्या खाली पडत होत्या आणि गल्लीतलं एक कुत्रं त्या उचलून कोपऱ्यात नेत होतं. कानशीनं खूर सपाट झाला, नवी नाल ठेवून पाहिली, काढली, ठोकून थोडी वाकवली, पुन्हा ठेवली. खिळा आत जाताना तो दर ठोक्याला कान देत होता. खिळा खुराच्या मेलेल्या भागात गेला तर आवाज एक येतो, जिवंत मांसाकडे वळला तर दुसरा. दुसरा आवाज ऐकून न थांबणारा नालबंद फार दिवस नालबंद राहत नाही. बाहेर आलेली खिळ्यांची टोकं त्यानं मोडली, वळवली, कानस फिरवली. चार पाय झाले तेव्हा तासाच्या वर वेळ गेला होता.

"हे किती दिवसांनी?" भाच्यानं विचारलं.

"महिना-सव्वा महिना. रस्त्यावर डांबर जास्त असंल तर आधीच."

भाच्यानं फोनमध्ये टिपून घेतलं. "इतर" या ओळीतून पहिली गोष्ट बाहेर पडली होती.

मग चाचांनी बाकीच्या सांगितल्या. घोडीला हरभरा लागतो, चोकर लागतो, कुटार लागतं, हिरवं गवत लागतं. उन्हाळ्यात बादल्यांवर बादल्या पाणी. रोजचा खरारा. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकीचं काही पोटात गेलं की ते वर येत नाही, शूळ उठतो, आणि मग रात्रभर तिला चालवत डॉक्टरची वाट पाहायची. मोतद्दाराला पगार द्यायचा, आणि लग्नाच्या हंगामात त्याला दुसऱ्या कोणी पळवू नये म्हणून वरून चहापाणी. झूल, मखमल, कलगी, मोत्यांची झालर. हल्ली झुलीवर एलईडीच्या माळा लागतात, त्याची बॅटरी. ती बॅटरी वरातीच्या मधेच संपली तर मुलाचा मामा पैसे कापतो.

"मुलाचा मामाच कापतो," चाचा माझ्याकडे पाहून पुन्हा म्हणाले. मी त्या बाबतीत काही बोललो नाही.

आणि एवढं करून कमाई किती दिवस? इथं चाचांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. शेअर बाजारातली माणसं पडद्याकडे पाहतात तसं घोडीवाले पंचांगाकडे पाहतात. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत चातुर्मास. देव झोपले, नवरदेव घरी बसले. पौषात लग्नं नाहीत. अधिक महिना आला की तो अख्खा महिना गेला. २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोघेही अस्ताला गेले होते. ऐन हंगामात आकाशातले दोन ग्रह दिसेनासे झाले आणि नागपुरातल्या घोड्या तबेल्यात उभ्या राहिल्या. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. कॅलेंडरवर त्या पानाला चाचांनी आधीच लाल पेननं काट मारून ठेवली होती.

"देव चार महिने झोपते भाऊ," ते म्हणाले, "घोडी एक टैम उपाशी झोपत नाही. अन् बँक तर झोपतच नाही."

घोडा उभ्या उभ्या झोपू शकतो ही गोष्ट शास्त्रानंही मान्य केलेली आहे. त्याच्या पायांच्या सांध्यांची तशी सोयच असते. कर्ज काढून घोडा घेणाऱ्याला निसर्गानं अशी काही सोय दिलेली नाही. तो आडवा पडला तरी जागाच असतो.

मी कायद्याचं विचारलं. १९६५ चे केंद्राचे नियम आहेत, ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि जिथं पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथं दुपारी बारा ते तीन अजिबात नाही. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये ३७ अंश हे सकाळी नऊच्या चहासोबतचं तापमान आहे. याच नियमांत पाठीवरच्या ओझ्याचेही आकडे आहेत. खेचराला २०० किलो, गाढवाला ५०, तट्टाला ७०. नियम ओझ्याचा आहे, नवरदेवाचा नाही, असं कोणी म्हणेल. पण केळवणाची जेवणं सुरू झाल्यापासूनचा नवरदेव, वर जरीची शेरवानी, पुढ्यात बसवलेला बहिणीचा मुलगा आणि कमरेला तलवार, एवढं सगळं तराजूवर घातलं तर त्याला ओझं नाही तर काय म्हणायचं? चाचा म्हणाले, "आमी मुलगा पाहूनच घोडी ठरवतो. मुलीवाले पाहत नाही एवढं आमी पाहतो."

भाचा आता गप्प झाला होता. परत येताना मी त्याला इतिहास सांगायला सुरुवात केली. घाबरलेल्या माणसाला इतिहास सांगावा. आपल्यापेक्षा मोठी माणसं आपल्यापेक्षा मोठ्या कर्जात होती हे ऐकून बरं वाटतं.

मराठ्यांचं घोडदळ हाच मुळात उसनवारीवर चाललेला अश्वव्यवसाय होता. शिलेदार म्हणजे स्वतःच्या पैशानं, बहुधा सावकाराच्या पैशानं, घोडा आणि हत्यार घेऊन येणारा. बारगीर म्हणजे सरकारनं किंवा सरदारानं दिलेल्या घोड्यावर बसणारा. शिलेदाराला पगार जास्त, पण घोडा पडला तर नुकसान त्याचं. त्यामुळे लढाईत आपला जीव आणि घोड्याचा जीव यांत शिलेदार आधी कोणाचा विचार करत असेल, हे हप्ते भरणाऱ्या कुठल्याही माणसाला समजावून सांगावं लागत नाही. थोरल्या बाजीरावासारखा सेनापती, ज्याच्या घोड्याच्या टापांनी दिल्लीपर्यंत धडकी भरत होती, तो ब्रह्मेंद्रस्वामींना पत्रात कळवतो, की सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी झिजली. आणि हे पत्र ज्या स्वामींना लिहिलं, ते धावडशीचे स्वामी स्वतःच सरदारांना व्याजानं पैसे देत. आज कर्जदार बँकेच्या मॅनेजरला दिवाळीचा फराळ पाठवतो, त्यामागं एवढी मोठी परंपरा आहे.

आमचे नागपूरकर भोसले हिशेबाला बाजीरावापेक्षा पक्के म्हणायचे. पहिल्या रघूजींचं घोडदळ १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं बंगालवर जात राहिलं. १७५१ च्या तहात बंगालच्या नवाब अलिवर्दीखानानं वर्षाला १२ लाख रुपये चौथाई कबूल केली. बंगालात आजही बाळाला झोपवताना या बारगिरांची, तिथल्या भाषेत बर्गींची, भीती घालतात. इतक्या खात्रीचं वार्षिक उत्पन्न भाच्याच्या चाळीस पानांत कुठंच नव्हतं. रघूजींना, अर्थात, प्रोजेक्ट रिपोर्टही लागला नव्हता.

पुढं इंग्रजांनी शिलेदारी उचलली आणि तिला चोख हप्त्याचं रूप दिलं. त्यांच्या सिलादार पलटणींत भरती होणाऱ्या स्वारानं घोड्यासाठी ठरावीक रक्कम भरायची. तिला असामी म्हणत. पैसे कमी पडले तर पलटणीच्या फंडातून कर्ज मिळे, आणि ते दर महिन्याच्या पगारातून कापून घेत. पगारातून कापला जाणारा हप्ता आपल्याकडे बँकांनी आणला असं आपण समजतो. तो घोडा आधीच घेऊन आला होता. पहिल्या महायुद्धात हे गाडं अडलं. समुद्रापलीकडच्या रणांगणावर घोडे पडायला लागले, तेव्हा बदली घोडा स्वारानं आणायचा कुठून आणि हप्ता कापायचा कुणाचा? युद्धानंतर ती पद्धत बंद झाली. साम्राज्याला जे परवडलं नाही ते आमच्या भाच्याला परवडेल का, एवढाच माझा प्रश्न होता.

"मामा," बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "म्हणजे मी बारगीर व्हायला पाह्यजे."

पोरगं हुशार आहे. पुण्याची दोन वर्षं अगदीच वाया गेली नाहीत.

आता तो तेच करतो. त्याच्याकडे एकही घोडा नाही. चाचांच्या घोड्या, आणखी दोन-तीन तबेल्यांच्या घोड्या आणि एका बग्गीवाल्याची बग्गी, यांचं बुकिंग तो फोनवर घेतो, फोटो पाठवतो, ॲडव्हान्स घेतो आणि प्रत्येक वरातीमागे आपला वाटा ठेवतो. दाणा चाचांचा, नाल चाचांची, रात्री शूळ उठला तर जागरणही चाचांचं. हा न्याय आहे असं मी म्हणत नाही. पण चाचा म्हणतात, की पूर्वी त्यांच्या घोड्या हंगामात जेवढ्या दिवस बाहेर पडायच्या त्यापेक्षा आता जास्त दिवस पडतात, आणि पैसे मागायचं काम त्यांच्या अंगावरून गेलं ते वेगळंच. बहिणीला अजून हे नीट कळलेलं नाही. "घोड्याचा धंदा करतो, पण घोडा नाही," असं ती पाहुण्यांना सांगते तेव्हा समोरचा माणूस समजून घेतल्यासारखी मान हलवतो. मुलीकडचे लोक मात्र विचारतात, "मग करतो काय?" एका स्थळानं तर "आधी घोडा घेऊ द्या, मग बघू" असा निरोप पाठवला.

घोड्यापुढं स्पर्धाही आहे. नवरदेव आता बुलेटवर येतो, उघड्या जुन्या मोटारीतून येतो, कुठं कुठं जेसीबीच्या फावड्यात बसूनही आला. बुलेट हप्त्याची असते, मोटार तासाच्या भाड्याची आणि जेसीबी ठेकेदाराकडून मागून आणलेला. तरी चाचांना फार चिंता नाही. मारोतीच्या देवळापासून मांडवापर्यंत जाताना मुलाच्या आजीला घोडीच हवी असते, आणि लग्नात शेवटचा शब्द आजीचाच असतो, असा त्यांचा अनुभव आहे.

बँकेतल्या साहेबांची अलीकडे गाठ पडली. त्यांनी आपण होऊन भाच्याची चौकशी केली. घोडा न घेता धंदा चालू आहे हे ऐकून ते खूश झाले. "मग आता त्याला कर्ज देता येईल," म्हणाले.

पण हे सगळं लिहायला बसलो ते चाचांनी एक काम सांगितलं म्हणून. तुम्ही छापता तर एवढं छापा, असं ते म्हणाले. तेव्हा घरात लग्न असलेल्या वाचकांना त्यांच्या वतीनं विनंती. घोडीच्या तोंडापुढं फटाक्यांची लड लावू नका. पत्रिकेत छापलेल्या वेळेपासून तासाभरात तरी मुलाला घोडीवर बसवा. डीजेचा भोंगा तिच्या कानापासून लांब ठेवा. आणि घोडीवाल्याचे उरलेले पैसे वरात मांडवाच्या दारात पोचण्याआधी त्याच्या हातात द्या. आत गेल्यावर मुलाचा बाप अक्षतांच्या गर्दीत असतो, काका जेवणाकडे पाहत असतात, आणि मामा, चाचांच्या सांगण्यानुसार, कुणालाच सापडत नाही.